डमीवर शिकवलेली

"बेडा, मॅडम," अश्विनी म्हणाली आणि तिनं हात पाठीमागं घेतला.

नको. एवढं कन्नड मला येत होतं. निपाणीच्या बाजारात वाढलेल्या पोरीला एवढं येतंच. बेळगावच्या नर्सिंग कॉलेजातलं ते माझं पहिलं वर्ष. त्या दिवशी लॅबमध्ये नाडी बघायला शिकवत होते. दोघी-दोघींनी समोरासमोर बसायचं. एकीनं हात पुढं करायचा, दुसरीनं मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायचे. मला अश्विनीसमोर बसवलं होतं. मी बोटं पुढं केली होती. ती तशीच हवेत राहिली.

मला वाटलं, मॅडम तिला ओरडतील. ओरडायला मॅडम लई पटाईत. पलंगाची चादर एका बाजूला जरा जास्त लोंबली तरी सगळ्या वर्गाला उभं करायच्या. पण त्यांनी अश्विनीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "तू डमीवर कर."

कोपऱ्यातल्या पलंगावर डमी होती. रबराची बाई. मी उठले. गेले. तिच्या मनगटावर बोटं ठेवली. रबर गार होतं. मागं कुणीतरी हसलं. मी मोजायला लागले. काय मोजत होते देव जाणे. मान खाली घालून नुसते ओठ हलवत राहिले. मी पण शिकतेय असं दिसावं म्हणून.

लाज मला वाटली. अश्विनीला नाही, मॅडमना नाही. मला.

आमची जात मी कुणाला सांगितली नव्हती. सांगायची गरजही पडली नाही. पहिल्याच दिवशी ओळख करून देताना मॅडमनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला. मी खरं ते सांगितलं. त्या फक्त "हं" म्हणाल्या. त्या एका हुंकारात सगळ्या वर्गाला कळलं. हॉस्टेलच्या खोलीत माझ्या ट्रंकेच्या झाकणात आईनं एक फोटो चिकटवून दिलेला. कुणाचा ते सांगायला नको. जे राहिलं होतं ते त्या फोटोनं सांगितलं.

त्या दिवसापासून डमी माझी झाली. रुग्णाला अंग पुसून देणं, डमीवर. रक्तदाब बघणं, डमीवर. चमच्यानं भरवायला शिकवलं तेव्हा पोरी एकमेकींना केळं चुरून भरवत होत्या, हसत होत्या, हनुवटीवर सांडलेलं पुसत होत्या. मी रबराच्या मिटलेल्या तोंडापुढं चमचा धरून उभी. नंतर ते केळं टाकून दिलं. ते मी कालवलं होतं ना.

आई विडीच्या कामाला जाते. तिच्या अंगाला, लुगड्याला, हाताला तंबाखूचा वास असतो. लहानपणी मला तो वास म्हणजे आई. आता मला वाटायला लागलं, तो आपल्यालाही येत असणार. म्हणून कोण हात देत नाही. मी हात धुवायला लागले. लॅबच्या आधी, लॅबच्या नंतर, जेवायच्या आधी दोनदा. बोटांची कातडी फाटली. एकदा खोलीतल्या शिल्पाला विचारलं, "माझ्या हाताला वास येतोय काय गं?"

शिल्पा खानापूरकडची. घरची शेती, दोन म्हशी. स्वभावानं चांगली पोरगी. तिनं माझा हात नाकाजवळ घेतला, हुंगला आणि म्हणाली, "साबणाचा येतोय." आम्ही दोघी हसलो. तिच्या पांघरुणात बसून आम्ही अभ्यास करायचो. मी दहावीपर्यंत मराठी शाळेतली, ती पण. इंग्रजी पुस्तकातला एकेक शब्द मोडून, तुकडे करून, मोठ्यानं म्हणायचो. हाडांची नावं एकमेकींच्या अंगावर बोट ठेवून पाठ केली. माझ्या खांद्यावर, माझ्या बरगड्यांवर तिची बोटं फिरली. खोलीत. दार लावून.

लॅबमध्ये ती माझ्या समोर बसत नव्हती. मी तिला कधी विचारलं नाही. एकदा तीच आपणहून म्हणाली, "आमच्या गावच्या दोघी हायत गं वर्गात. घरी कळलं तर आण्णा शिक्षण बंद करंल." मी म्हणाले, असू दे. खरंच म्हणाले, असू दे. तिलाच वाईट वाटू नये म्हणून.

घरनं फोन आला की मी सांगायचे, सगळं झकास चाललंय.

लेखी परीक्षेत मला चांगले मार्क पडले. वर्गात वरच्या पोरींत आले. मॅडम पेपर देताना म्हणाल्या, पाठांतर चांगलं असतं ह्यांचं. ह्यांचं. मी एकटीच उभी होते, तरी अनेकवचन.

मग वॉर्डात पाठवायला लागले. मला जिवंत माणसांची भीती वाटत होती. डमी कण्हत नाही, हात ओढत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. पहिले काही दिवस मी चादरी बदलल्या, संडासाची भांडी दिली, उलट्या पुसल्या. ती कामं मॅडम मला न विसरता द्यायच्या. ती कामं नर्सलाच करायची असतात, त्यात कमीपणा नाही. पण बाकीच्या पोरींना ती पाळीनं होती. मला रोज.

एक दिवस मॅडम सगळ्यांना घेऊन एका म्हातारीच्या पलंगापाशी आल्या. म्हातारी नंदगडची. दम लागून दाखल झालेली. उशीला टेकून बसलेली, पाय सुजलेले. मॅडम मला म्हणाल्या, "नाडी बघ आणि सांग."

मी म्हातारीचा हात धरला. तिनं दिला. काही विचारलं नाही. मनगट काटकुळं, कातडी सैल. मी बोटं ठेवली. काहीच लागेना. जरा वर सरकवली. दाबली. एकदा काहीतरी हललं, मग गेलं, मग घाईघाईनं दोन-चारदा हललं आणि परत गेलं. मला वाटलं, माझ्याच बोटांत धडधडतंय. माझा घाम तिच्या मनगटावर पडला.

"लागत न्हाय, मॅडम," मी म्हणाले.

मॅडमनी माझा हात न लावता बाजूला करवला. म्हणजे पेननं खूण केली, बाजूला सरक. स्वतः नाडी धरली. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी सिस्टरला हाक मारली, डॉक्टरला बोलवायला लावलं. ठोके वेडेवाकडे पडत होते. हृदय थकत चाललेलं. डॉक्टर आले, धावपळ झाली, मशीन लावलं, इंजेक्शन दिलं. म्हातारी सावरली.

सगळं निवळल्यावर मॅडम पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून मराठीतच बोलल्या. एरवी त्या इंग्रजी आणि कन्नड बोलायच्या. म्हातारीला कळावं, आजूबाजूच्यांना कळावं म्हणून मराठी.

"ह्यांना सीट मिळते. पुढं काय? उद्या हिच्या हाताखाली माणूस मरेल आणि हिला कळणार पण नाही."

वॉर्डातले नातेवाईक माझ्याकडं बघत होते. एका बाईनं आपल्या नवऱ्याचं पांघरूण वर ओढलं. मी खाली फरशीकडं बघत राहिले. त्या क्षणी मला मॅडमचा राग आला नाही. मला वाटलं, खरं बोलतायत. मी नालायक आहे. गावाकडं जावं, आईशेजारी सूप घेऊन विड्या वळत बसावं.

पोरी पुढच्या पलंगाकडं गेल्या. मी म्हातारीच्या मनगटावरचा माझा घाम पुसायला कापूस घेतला. म्हातारी माझ्याकडं बघत होती. नाकात नळी, आवाज बसलेला. तिनं हळू विचारलं, "तुला कुणी शिकवलं न्हाय व्हय गं?"

तिच्या विचारण्यात कुजकेपणा नव्हता. कीव पण नव्हती. चौकशी केली तिनं, बस.

मी कापूस टाकला आणि पोरींच्या मागं गेले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर हॉस्टेलवर आला. जेवताना आला. मला कुणी शिकवलं नाही. मला येत नाही असं नाही, मला शिकवलंच नाही. इतके महिने मी माझ्या अपमानाचं ओझं घेऊन फिरत होते. मला दिसलंच नव्हतं, की ह्यात ती म्हातारी पण आहे. माझ्या बोटांना मुद्दाम आंधळं ठेवलं होतं आणि ती आंधळी बोटं तिच्या हृदयावर ठेवायला लावली होती. वर आंधळी म्हणून नावं मलाच ठेवली.

पुढच्या लॅबला मॅडम म्हणाल्या, जोड्या करा. पोरी बसल्या. मी डमीकडं गेले नाही. मधे उभी राहिले.

"मॅडम, मी डमीवर करणार न्हाय. मला जितं माणूस पायजे."

आवाज चिरका निघाला. मॅडमनी चष्मा काढला. थोडं हसल्या. "कोण बसणार तुझ्यासमोर? विचार की."

मी वळले. वर्गाकडं बघितलं. सगळ्यांच्या माना खाली. अश्विनी नखं बघत होती. शिल्पाकडं मी जरा जास्त वेळ बघितलं. तिचे डोळे भरले, पण ती उठली नाही. इतकं उघडं मला कधी वाटलं नव्हतं, भर वर्गात अंगावरचं कापड काढून घेतल्यासारखं.

मी परत वळले आणि म्हणाले, "मग तुमी बसा, मॅडम. तुमचा हात द्या."

मॅडमचा हात टेबलावर होता. तो तिथनं उचलला गेला आणि ॲप्रनच्या खिशात गेला. त्यांनी मुद्दाम नेला नसेल. आपोआप गेला. पण सगळ्या वर्गानं बघितलं. अश्विनीनं पण. मॅडमनाही ते कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्या म्हणाल्या, बाहेर जा. मी गेले नाही. मग त्याच बाहेर गेल्या.

मला प्रिन्सिपल सरांपुढं नेलं. सर मऊ बोलणारे. आपल्या कॉलेजात असलं काही चालत नाही, तुझा गैरसमज झालाय, म्हणाले. मॅडमची माफी माग, विषय संपव. मी नाही म्हणाले. मग त्यांनी घरी फोन लावला.

आप्पा आले. माझे आप्पा गवंडी. लग्नाकार्याला ठेवलेला पांढरा शर्ट घालून आले होते. प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये समोर खुर्ची होती. सरांनी बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. हात जोडून उभे राहिले. "लेकरू हाय, सायेब. चुकलं असंल." शिवाशिव बंद करणारं कायद्यातलं कलम मला त्याच वर्षी शिकवलं होतं, पण त्या जोडलेल्या हातांपुढं काही आठवेना. डमीपुढं उभी राहिले त्यापेक्षा जास्त लाज मला तिथं वाटली. आप्पांची नाही. आप्पांना तिथं उभं राहायला लागलं, त्याची.

बाहेर पायरीवर ते म्हणाले, "माग बाई माफी. वरीस वाया जाईल."

मी म्हणाले, "न्हाय मागणार, आप्पा."

गेटपर्यंत सोबत चाललो. निपाणीच्या गाडीत बसले, खिडकीतनं माझ्याकडं बघितलं नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. आप्पांनी सगळं सांगितलं असणार. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"माफी मागू नगंस," ती म्हणाली. "आन् शिकल्याबिगर घरीबी येऊ नगंस." आणि फोन ठेवला.

मी माफी मागितली नाही. मला काढूनही टाकलं नाही. मी समाजकल्याण खात्याकडं जाईन असं सरांना सांगितलं होतं, त्याचा परिणाम असेल. नोटीस लागली, की जोड्या हजेरीच्या क्रमानं होतील. क्रमानं माझ्यासमोर परत अश्विनीच आली. तिनं मनगटावर रुमाल ठेवला आणि हात पुढं केला.

मी म्हणाले, "रुमाल काढ. कापडावरनं नाडी लागत न्हाय."

तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. अश्विनीनं रुमाल काढला. मी बोटं ठेवली. लागली. स्पष्ट, जोरात. ती घाबरलेली होती. मला वाटलं होतं, आनंद होईल. झाला नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी बापाला हात जोडायला लागले, एवढंच मनात आलं.

मॅडमनी त्यांच्या हातातले माझे मार्क कापले. मी वॉर्डात भरून काढले. ड्यूटी संपली तरी थांबायचे, सिस्टरांना सांगून प्रत्येक पलंगापाशी जायचे, नाडी बघायचे, मग चार्टवरच्या आकड्याशी ताडून बघायचे. चुकले की परत. कुणी आडनाव विचारलं तर सांगायचे आणि मग विचारायचे, बघू का नाडी? कुणी हात ओढला. बहुतेकांनी दिला. आजारी माणसाला शिवाशिवीचा लई सोस नसतो. बाहेरच्या परीक्षकापुढं मी पास झाले. शिल्पा त्यानंतर माझ्याशी पहिल्यासारखी बोलू शकली नाही. मी पण नाही.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात पहिली आले. परवा प्रिन्सिपल सरांनी बोलावून घेतलं. उद्या नवीन पोरींचं स्वागत आहे. नर्सिंगमध्ये यश कसं मिळवायचं ह्यावर मी बोलावं, असं ते म्हणाले. गरीब घरातली पोरगी, कष्ट केले, मॅडमनी घडवलं, असं चार शब्द. मॅडम पण बसलेल्या असतील, त्यांनाही बरं वाटेल. मी हो म्हणाले. सरांना वाटलं, मी निवळले.

मी अजून निवळलेले नाही. ती लाजही गेलेली नाही. आजही कुणी हात मागं घेतला की मी नकळत बोटं हुंगते. ती जायची वाट मी बघत बसणार नाही. उद्या मी माईकपुढं उभी राहणार आणि जे झालं ते झालं तसं सांगणार. म्हातारीच्या पलंगापाशी मॅडम काय बोलल्या ते, त्यांच्याच शब्दांत. मॅडमचं नाव घेऊन. नवीन पोरींत कुणीतरी असेलच, जिला घर कुठल्या बाजूला विचारलं असेल. सर माईक बंद करतील. करू देत. मला मोठ्यानं बोलता येतं.