खुर्चीवरचं काटेरी बोंड

हॅल्सबीच्या आठवडी बाजारापलीकडच्या जुन्या हवेलीत डल्सीबाई एकोणीस वर्षं एकच दालन राखत होत्या. तिथल्या चारशे वर्षांच्या खुर्चीवर पर्यटकांनी बसू नये, म्हणून त्या रोज तिच्यावर सुकं काटेरी बोंड ठेवायच्या.

मंगळवारी भर गर्दीत त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. छाती दाबून त्या भिंतीला टेकल्या.

"अहो, बसा त्या खुर्चीत," शेजारचं दालन राखणारा मी धावत येत ओरडलो.

"वेड लागलंय का तुला?" म्हणत त्या गार फरशीवरच कोसळल्या.

मी चिडून बोंड भिरकावलं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. नाडी हाताला लागेना. अॅम्ब्युलन्स आली तरी डोळे मिटलेलेच.

स्ट्रेचरवर घेताना त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"बोंड ठेव जागेवर, मेल्या."