शमीमची अडवलेली सूचना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्ही माझा ब्लॉग इतकी वर्षं वाचताय — तुम्हालाही नाही.

माझं बरं चाललंय. चौथी शिकलेली बाई मी, फोनवर एका बोटानं लिहिते आणि तुम्ही वाचता. आणखी काय पाहिजे? झोपही चांगली लागते. मग आज का सांगतेय? — कारण ते खोटं आजवर तिथंच होतं, आणि लोक त्याला वाहवा म्हणत होते.

चिगुराची डाळ आठवते? चिंचेचा कोवळा पाला सावलीत सुकवायचा, तळव्यावर चोळून काड्या टाकायच्या, आणि डाळ पुरती शिजल्यावरच घालायचा. आधी घातला तर आंबटानं डाळ शिजतच नाही. ‘आमच्या सासूबाईंनी शिकवली,’ असं मी लिहिलं. सासूबाईंनी? त्यांनी उभ्या जन्मात चिगूर घरात आणला नाही.

ती डाळ माझ्या बालमैत्रिणीच्या, शमीमच्या अम्मीची. माझ्या माहेरी, तेर गावात, आमची घरं भिंतीला भिंत लागून. शाळा सुटली की मी त्यांच्या चुलीपुढं. पहिला घास अम्मी मला भरवायच्या, शमीमला नंतर. आणि मला त्यांचं नाव लिहायची लाज वाटली. कसली लाज — ते तुम्हाला कळतंय.

शमीम आता नळदुर्गला असते. तीही ब्लॉग लिहिते. ब्लॉगचं असं आहे — कुणी आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा दुवा दिला, की त्या दुसऱ्याला आपोआप सूचना जाते. त्यानं मंजूर केली, तर दुवा देणाऱ्याचं नाव त्याच्या लेखाखाली दिसतं आणि वाचक तिकडंही जातात.

तिची सूचना आली. तिनं लिहिलं होतं, ‘माझ्या मैत्रिणीनं आमच्या अम्मीची डाळ किती नीट लिहिलीय बघा.’ बस. सासूबाईंबद्दल चकार शब्द नाही.

मंजूर केली असती तर तुम्ही ते वाचलं असतं. मी ती स्पॅममध्ये टाकली. तेव्हापासून तिची प्रत्येक सूचना आपोआप तिथंच जात राहिली. तिचे वाचक माझ्याकडं येत राहिले — माझ्याकडून तिच्याकडं एकही गेला नाही.

एकदा तिचा फोन आला.

“काय गं शांते, लई मोठी झालीस व्हय? माझं नाव तुझ्या दारातच अडतंय!”

“न्हाय गं, मशीनच बिघडलंय.”

“माझ्याच नावाला बिघडतंय बघ मेलं!” — आणि खदाखदा हसली. मीही हसले.

ती त्यानंतरही दुवे देत राहिली.

आज त्या लेखातून सासूबाईंचं नाव काढलं, अम्मींचं घातलं. अम्मी आता नाहीत. शमीमच्या अडकलेल्या सूचना एकेक करून मंजूर केल्या. या लेखातही तिच्या लेखाचा दुवा दिलाय; हा प्रसिद्ध झाला की तिला सूचना जाईल. आधी फोन करून काही सांगणार नाही. ती सकाळी चहा पिताना ब्लॉग उघडते. वाचेल.