शेळ्या मोजायच्या नसतात: राजापूरच्या सड्यावर तीन दिवस

काजूबी फोडायचे अडकित्ते, भात झोडायचं पायाचं यंत्र, विहिरींवरच्या जाळ्या, शाळेचा झोपाळा, देवळाचं फाटक, आणि गेल्या काही वर्षांत बिबट्या शिरणार नाही असे अकरा गोठे. हे सगळं मी माझ्या हाताने बनवलेलं आहे. आयटीआयची पायरी मी चढलेलो नाही. दुसऱ्याचं काम उघडून बघितलं, चुकलो, पुन्हा केलं. त्या अकरा गोठ्यांमधून आजवर एकही शेळी गेलेली नाही. बढाई म्हणा हवं तर, पण खरं आहे.

हा प्रवास बाराव्या गोठ्याचा.

फोन आला तो धोंडूचा. तो मुंबईत माथाडी कामगार आहे. त्याचं घर राजापूर तालुक्यात, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका धनगरवाडीत. बायको चंद्रा तिथे एकटीने शेळ्या सांभाळते. "मिस्त्री, वाघ येतोय वो," तो म्हणाला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. "दोन नेल्यान. अजून एक गेली तर मी कळप विकतो नि तिला मुंबयला आणतो. तिला यायचं न्हाय. म्हणून हा शेवटचा उपाय."

"शेळ्या किती?"

"सव्वीस."

एका शेळीला दहा चौरस फूट धरले की दोनशे साठ. म्हणजे तेरा बाय वीसचा गोठा. वाडीत वीज आहे, पण वेल्डिंग मशीन ओढेल एवढा दाब नाही. म्हणून सगळ्या चौकटी हातखंब्याजवळच्या माझ्या शेडमध्येच तयार केल्या. तिकडे नुसते नटबोल्ट आवळायचे.

माघात निघालो. हातखंब्याहून पाली, लांजा आणि पुढे राजापूर. भरलेल्या टेम्पोला दोन तास धरा, हायवेचं काम कुठे चालू असेल त्यावर अर्धा तास वर. लांज्यात थांबून उसळ-पाव खाऊन घ्या, कारण पुढे सड्यावर टपरीसुद्धा नाही. टेम्पोवाला अस्लम माझा जुना दोस्त. मागचा माल बघून म्हणाला, "मिस्त्री, वाघ बाहेर मोकळा नि शेळ्या आत तुरुंगात. कुठला न्याय हा?"

"तू गाडी चालव."

वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. मागे एका वाडीचं नाव लिहिलं, तर लोक मोबाईल घेऊन वाघ बघायला गेले होते. सड्यावर चालायला यायचं असेल तर खुशाल या, पण जाड तळाचे बूट घाला आणि पाणी जवळ ठेवा. सकाळी दहानंतर कातळ तव्यासारखा तापतो. खाली उतारावर आंब्याची मोहोरलेली कलमं, वर नुसता काळा कातळ आणि वाळलेलं गवत. डांबरी संपली तिथे अस्लमने माल उतरवला आणि तो परत फिरला. तिथून मुंबईहून रजा काढून आलेला धोंडू, मी आणि वाडीतले चौघे, अशा सहाजणांनी डोक्यावरून चौकटी नेल्या.

चंद्रावहिनी पन्नाशीच्या आत-बाहेर असतील. बारीक, काटक, बोलणं तुटक. जुना गोठा कुडाचा, वर गवताचं छप्पर. त्याला एके ठिकाणी भगदाड पडलेलं आणि ते काटेरी फांदी घालून बुजवलेलं. त्यांनी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. शेळीच्या दुधाचा चहा प्यायलो आणि काम सुरू केलं.

कातळात खड्डा घेता येत नाही. म्हणून खाली जांभ्या चिऱ्यांची रांग बसवली आणि चौकटी तिच्यात सिमेंटने पकडल्या. जाळी दहा गेजची, दोन इंची. खालून दीड फूट बाहेरच्या बाजूने पत्रा लावला, कारण शेळ्या जाळीला टेकून झोपतात आणि पंजाची नखं दोन इंचातूनही आत येतात. छपरालाही जाळी, कारण वाघ वरूनच उतरतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळला. शेळ्या चरून परत आल्या.

"सगळ्या आल्या का मोजा," मी म्हणालो.

"मोजत न्हाय आमी," वहिनी म्हणाल्या. "जित्याजागत्या जिवांना आकडा लावला की कमी होतात ती."

"मग कळतं कसं?"

"नावानं."

आणि दारात उभं राहून त्या एकेक नाव घेऊ लागल्या. काबरी. मोरी. पुतळी. ठकी. लंगडी. धोंडूने पाठवलेल्या पैशांतून घेतलेलीचं नाव मुंबईकरीण. "ही लय शिष्ट, खालचं गवत खात न्हाय," असं वर सांगितलं. नाव घेतलं की शेळी आत जायची. मला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. मी प्रत्येक नावाला एका खिशातला बोल्ट दुसऱ्या खिशात टाकत होतो.

नावं संपली. दार लावलं. बोल्ट एकोणीस झाले होते.

तेरा बाय वीसच्या गोठ्यात एक कोपरा रिकामाच राहिला होता. धोंडूनेही नावं बोटांवर धरली होती. जाळीला हात लावून तो त्या कोपऱ्याकडे बघत होता.

"बाकीच्या?" त्याने विचारलं.

वहिनींनी दाराची कडी पुन्हा ओढून बघितली.

"दोन म्हणालीस तू फोनवर."

"दोनच सांगितल्या."

"आणखी सात गेल्या, चंद्रा?"

"तुमाला सांगून काय झालं असतं? तिकडं पाठीवर पोतं घेऊन चालताय. ध्यान इकडं लागलं असतं नि पाय सरकला असता."

धोंडू पडवीत जाऊन बसला. तिथूनच म्हणाला, "उद्या व्यापाऱ्याला बोलावतो. पुरे झालं."

"एक रात थांबा," वहिनी म्हणाल्या. "सकाळी एक जरी नाव शेळीवाचून उरलं, तर मीच दावी त्याच्या हातात देईन."

रात्री मला गाढ झोप लागली. थकलो होतो.

सकाळी पाहिलं तर छपराची जाळी मध्यभागी बोटभर खाली दबली होती. चिऱ्यांवर माती खरवडलेली. पत्र्यावर नखांचे चार लांब ओरखडे. बोल्ट एकही ढिला झाला नव्हता. वहिनींनी दार उघडलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. या वेळी धोंडू शेजारी उभा होता, ओठ हलवत. मुंबईकरीण सगळ्यात शेवटी बाहेर आली.

"शिष्टच हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "व्यापारी राहू दे, मिस्त्री."

मला काय वाटलं ते लिहायची गरज नाही. बारावा गोठाही टिकला होता.

शेळ्या उताराकडे वळल्या आणि तिथेच थबकल्या. पुढे एक पाऊल टाकेनात. खाली एका बागायतदाराच्या कलमांचं कुंपण आहे. त्याच्या बागेचं नुकसान मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. डुकरांनी नव्या कलमांची आळी उकरून मुळं वर काढली होती. खोटं कशाला बोलू, माणूस रडेल असं नुकसान होतं. डुकरं शिरतात त्या भगदाडात गाडीच्या क्लचच्या तारेची फासकी लावलेली होती.

त्यात डुक्कर नव्हतं. वाघीण होती. डुक्कर मानेला अडकतं. वाघ अंगाने बारीक, तो निम्मा पार होतो आणि कमरेला अडकतो. आजूबाजूची माती तिने हातभर उकरली होती. मेली होती.

(तुम्हाला कुठे असा प्राणी जिवंत अडकलेला दिसला, तर जवळ जाऊ नका. लांब थांबा, गर्दी करू नका आणि वनखात्याला कळवा.)

"सुटलो," धोंडू हळूच म्हणाला.

"कसले सुटलो?" वहिनी खाली बसल्या. "हिची जागा दुसरा घेईल. हिला निदान माझी वाट ठाऊक होती, मला हिची. पोरं असतील हिची कुठंतरी. दूध हाय बगा."

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. नऊ शेळ्या नेलेल्या जनावरासमोर ती बाई कुणाच्या मयताला बसावं तशी बसली होती.

मी तिच्या पायांचे ठसे मागे मागे पाहत गेलो. ते गोठ्यापासूनच निघाले होते. माझ्या जाळीने तिला हटवलं, आणि ती ज्या वाटेने हटली त्या वाटेवर तार होती. गोठ्यात माझी काही चूक नव्हती. आजही मी तो तसाच बांधेन. तरी ते ठसे माझ्या गोठ्यापासून निघून सरळ तारेपर्यंत गेले होते.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला. तार कुणी लावली हे कुणालाच माहीत नव्हतं. दुपारच्या एसटीने मी राजापूरहून निघालो, हातखंब्याला उतरलो आणि घरी येऊन आंघोळ केली. बायकोने विचारलं, "टिकला का गोठा?" "टिकला," एवढंच म्हणालो. एरवी मी तासभर सांगत बसतो.

असा गोठा करायचा असेल, तर साहित्य, टेम्पो आणि मजुरी मिळून सत्तर हजारांच्या आसपास जातात. शेळ्यांचा आकडा मात्र फोनवर घेऊ नका. जो दारात उभा राहतो त्यालाच विचारा. चंद्रावहिनींचा परवा फोन होता. पुतळी व्याली, दोन करडं झाली, नावं ठेवली. सड्यावर नवे ठसे दिसू लागलेत, हेही सांगितलं.

गेल्या आठवड्यात तो बागायतदार स्वतः माझ्या शेडवर आला. गोठा त्याने जाऊन पाहिला होता आणि मनापासून वाखाणला. बाजारच्या तारा डुकराच्या हिसक्याने तुटतात, म्हणाला. तुमच्या हातची तुटायची नाही. फासक्या हव्या होत्या. दीडशे नग, नगाला सहाशे, नव्वद हजार रोख. मी नाही म्हणालो.