चढावरची सिंगल बेल

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. हातात घेतलेलं काम कुणी मध्येच थांबवलं की माझं डोकं फिरतं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते एकतीस वर्षं लाल डब्ब्यावर कंडक्टर होते, शिंदखेड्याच्या आसपासची सगळी खेडी त्यांना ओळखायची. ते म्हणायचे, "हा ड्रायव्हर झाला असता आणि मी त्याच्या गाडीवर असतो, तर तिसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता."

बसमध्ये घंटीची दोरी असते. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. आबांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. सिंगल बेल त्यांनी कधी दुसऱ्यांदा दिली नाही. एकदा दिली की ड्रायव्हर थांबणारच. पुन्हा ओढायची म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही, असं झालं. रिटायर झाल्यावर हे सगळं घरात आलं. जेवताना ताटावर एक टिचकी म्हणजे पुरे, दोन म्हणजे वाढ. आमची माय करवादायची, "हाई घर शे का बस शे?" पण टिचकी ऐकायची.

मी जळगावात, पिंप्राळ्यात राहतो आणि कापसाच्या बियाण्याच्या कंपनीसाठी धरणगावकडची शेतं फिरतो. काळ्या मातीच्या बांधावरून साधी गाडी घसरते, म्हणून एक जुनी दोनशे सीसीची घेतली. रस्त्यावरही चालते, शेतातही. उंच सीट, पुढचं चाक मोठं, मडगार्ड वर उचललेलं. पहिल्यांदा बघून आबा म्हणाले, "गाडी शे का उंट? आते शेळ्या कोठे हाकशी?"

गाडी चांगली होती, पण मेली गरीब होती. चढावर दम टाकायची आणि आवाज तर शिलाई मशीनचा. मला ते सहन होईना. गाडी अंगात आल्यासारखी पळायला हवी आणि आवाजाने लोकांनी वळून बघायला हवं, असं वाटायचं. वय चाळीस, पण हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तशातली गत.

पिंप्राळ्यात एक मिस्तरी होता. दुकानाच्या भिंतीवर सायलेन्सर टांगलेले, मांसाच्या दुकानात बोकड टांगतात तसे. हातात कसब होतं आणि तोंडात शब्द मोजके. त्याने कंपनीचा सायलेन्सर उतरवून मोकळा पाइप बसवला, एअर फिल्टर बदलला, मागच्या चाकाचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, मोठं टाकलं. आवाज असा झाला की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. मी खूष. पण थ्रॉटल सोडला की पाइपातून फटाके फुटायचे आणि चढावर इंजिन तापायचं. मिस्तरीने प्लग काढून दाखवला. पांढराफटक. "भाऊ, हवा जास्त जातेय, पेट्रोल कमी. असंच पळवलं तर पिस्टन जाईल."

मग महिनाभर कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्या, बदलणं चाललं. त्याची पद्धत ठरलेली. मागे वजन घ्यायचं, लांब चढ धरायचा, थ्रॉटल पूर्ण पिळायचा आणि माथ्यापर्यंत अजिबात सोडायचा नाही. माथ्यावर क्लच दाबून इंजिन एकदम बंद करायचं, मग प्लग काढून बघायचा. बिस्किटाचा रंग आला तर सेटिंग बरोबर. मध्ये जरा जरी थ्रॉटल सोडला तर प्लग खोटं सांगतो, पुन्हा पहिल्यापासून.

आबांना गाडीचा आवाज ऐकवला तेव्हा ते कानावर हात ठेवून म्हणाले, "आवाज मोठा व्हयना म्हंजे ताकद वाढनी, अशी गोट नही." मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं, तुम्ही तिकिटं फाडली. ते हसले. असलं बोलून घ्यायची त्यांना सवय होती.

त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. जळगावला डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. ते म्हणत होते, मी बसने येतो, उगाच कशाला. मीच हट्ट केला की गाडीवरच चला, एकदा बसून तर बघा. लोकांना मी सांगतो की बापाला गाडीवर फिरवायची इच्छा होती. खरं सांगतो, मला मागे वजन हवं होतं. मिस्तरीने आदल्याच दिवशी नवं जेट टाकलं होतं आणि धरणगावच्या अलीकडे एक लांब चढ मी हेरून ठेवला होता.

शिंदखेड्याहून निघताना दोघांनी हेल्मेट घातली. आबा म्हणाले, "या आवाजात बोलता येणार नाही. पाठीवर बेल देईन." आणि लगेच दोन थापा मारल्या. डबल बेल. आम्ही निघालो. वाटेत चहासाठी त्यांनी एकदा थाप मारली, मी थांबलो. पुन्हा दोन थापा, पुन्हा निघालो. त्यांना मजा वाटत होती. मलाही.

चढाच्या पायथ्याशी मी थ्रॉटल पिळला. गाडी अशी उचलली की काय सांगू! महिनाभराची मेहनत फळाला आली होती. फटाके नाहीत, धाप नाही, एकसारखा भरलेला आवाज. अर्ध्यावर पोचलो आणि पाठीवर थाप पडली. एक. डाव्या खांद्याखाली, पूर्ण तळव्याची.

मला ती लागली. नीट लागली. जाकिटातून, हवेच्या माऱ्यातून, सगळ्यातून लागली. आणि माझं डोकं फिरलं. आत्ताच बरी सुचली यांना! अर्धं मिनिट थांबा की. आता थ्रॉटल सोडला तर सगळं पाण्यात. मी सोडला नाही. माथ्यापर्यंत पिळून धरला. दुसरी थाप आली नाही, तेव्हा मला वाटलं, काही विशेष नसेल.

माथ्यावर क्लच दाबून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मी पुढे बघतच ओरडलो, "थांबतोय ना! काय घाई आहे तुम्हाला?" माझ्या बापाशी मी बोललेलं हे शेवटचं. त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक करून आपटलं आणि सगळा भार डावीकडे गेला. मी कसाबसा धरला. मागून एक टेम्पो येत होता, त्यातून धरणगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. लगेच थांबलो असतो तर वाचले असते का, मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले.

घरी सगळ्यांनी एकच विचारलं, आबांनी सांगितलं कसं नाही? मी म्हटलं, "त्या आवाजात ऐकू आलं नाही." खोटं कुठे होतं? कानाला नव्हतंच ऐकू आलं. ते वाक्य लोकांनी असं उचललं की विचारू नका. जो तो सायलेन्सरला शिव्या घालू लागला. साप सोडून भुई धोपटत होते आणि मी बाजूला मान खाली घालून बसलो होतो.

दशक्रियेला मिस्तरी शिंदखेड्याला आला. त्याच्या तोंडावर कुणीतरी बोललं, "ह्यानंच बसाडा तो भोंगा." त्याने हात जोडले आणि जेवण न करता निघून गेला. नंतर पिंप्राळ्यात बघितलं तर दुकानाची भिंत रिकामी. सगळे पाइप भंगारात घातले होते. आता तो फक्त ऑइल बदलतो आणि पंक्चर काढतो.

टेम्पोत घालून आणलेली गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, एकदाही चालू केली नव्हती. माय आता माझ्याकडेच असते. परवा म्हटलं, गाडी विकून टाकू, निदान जुना सायलेन्सर चढवून घेऊ. ढकलत मिस्तरीकडे नेली, त्याने काम केलं. शेवटी प्लग काढला आणि बराच वेळ हातात धरून उभा राहिला. बिस्किटाचा रंग होता. "सेटिंग बरोबर झालं होतं, भाऊ," तो म्हणाला. "पण तुमचे वडील माझ्या हातून गेले."

 चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते मला विचारा. मला त्याचाच राग आला. दोन वर्षं हा माणूस माझं पाप मुकाट डोक्यावर घेऊन बसला होता. गाडी ढकलत घरी आणली, चालू करायची हिंमत झाली नाही.

माय ओट्यावर दादर ज्वारी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं. आवाजाचा काही संबंध नाही. आबांनी थाप मारली होती, मला कळली होती, मी थांबलो नाही.

"कसाले?" तिने विचारलं.

मी प्लगचं सांगितलं. माथ्यापर्यंत थ्रॉटल सोडायचा नसतो, मग प्लगचा रंग बघायचा असतो.

"रंग देखाले?"

मी मान हलवली. तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मला वाटलं, आता शिव्या देईल, छाती बडवेल. मला तेच हवं होतं.

"आजच जाय," ती म्हणाली, "आनि त्या मिस्तरीले खरं सांगी ये."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा तिने मागून विचारलं, "एकच थाप मारी?"

"एकच."

तिने सूप मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "मंग त्यास्ले वाटनं व्हई, तू थांबी जाशी. म्हनीसन परत मारी नही."