सिद्धूच्या मापाची सायकल

आमच्या मेहकरच्या सकाळच्या सायकल ग्रुपात सायकल चालते तासभर आणि तोंडं चालतात दिवसभर! जानेफळ रोडवर जमेल तेवढं जाऊन यायचं, मग बस स्टँडसमोर चहा, आणि चहासोबत किस्से. मी धंद्यानं टेलर. चिंधी उरली की गाठोड्यात टाकायची सवय. हे किस्सेही तसेच साठत गेले. बहुतेक एकाच गोष्टीचे आहेत, की सायकल माणसाच्या मापाची असावी.

हे खूळ आणलं सुधीर सरांनी. सर शाळेत विज्ञान शिकवतात. सुट्टीत पुण्याला गेले आणि सायकलचं फिटिंग करून आले. आल्याबरोबर माझ्या गळ्यातली टेप ओढून म्हणाले, "रमेशभाऊ, कपडे मापाचे शिवता, मंग सायकल काऊन बिनमापाची चालवता?"

तेव्हापासून माझी टेप चहाच्या टपरीवर. दुकानात गिऱ्हाईक छाती फुगवून उभं, आणि मी टेप शोधतोय!

*

पहिला पेशंट भीमरावभाऊ, बांधकामाचे ठेकेदार. सीट इतकी खाली, की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर सपाट. पेडल मारताना गुडघे पोटाला लागायचे. रोज रात्री गुडघ्यांना तेल!

सर म्हणाले, "सीट वर घ्या. पाय पुरा लांबू द्या, गुडघे दुखणार नाहीत."

"अन् पडलो तं?"

सीट वर गेली. भाऊ झकास निघाले. पण थांबायचं कसं? पाय काही पोचेना. बस स्टँडला चकरा मारत ओरडायला लागले, "अबे, उतरवा बे मले!" शेवटी आम्ही धावत जाऊन धरलं. थांबताना सीटवरून पुढं उतरायचं, मग पाय टेकतो, हे सरांनी त्यांना नंतर शिकवलं. आधी का नाही सांगितलं, यावर दोघांचं अजून भांडण चालू आहे.

गुडघे मात्र खरंच बरे झाले. आता तक्रार वहिनींची. "तेलाचा वास नाई तं मले झोपच नाई येत!"

*

सगळ्यांच्या सायकली मापात आल्या, एकट्या वंदनाताई हटून बसल्या.

ताई शेजारच्या गावात अंगणवाडी सेविका. सायकल त्यांच्या मुलाची. सिद्धू ताडमाड पोरगा, नोकरीला पुण्याला गेला आणि सायकल घरी ठेवून गेला. ताई उंचीनं माझ्या कटिंग टेबलापेक्षा जराशा वर! सीटच्या टोकावर बसून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकत चालवायच्या आणि कंबर धरून उतरायच्या.

सरांनी पाना काढला की कडाडायच्या, "हात लावू नका! सिद्धूनं जशी ठेवली तशी राहू द्या. तो आला म्हंजे त्याले चालवा लागते."

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, कंबर अशीच दुखत राहिली तर सायकल बंद. दिवसभर गावची लेकरं, संध्याकाळी घरचा स्वयंपाक. ताईंना स्वतःचा म्हणावा असा हा एकच तास होता. आम्हाला फार वाईट वाटायचं, पण ऐकतील तर शपथ!

*

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच उडवतो.

मी हौसेनं रेसवाली सायकल घेतली. हँडल खाली आणि लांब. चालवताना सगळा भार मनगटांवर. दुकानात बसलो की बोटांना मुंग्या! बायको म्हणाली बीपी, मेहुणा म्हणाला शुगर. एक दिवस हातातली कात्री सरकली आणि एका गिऱ्हाइकाच्या सफारीची बाही नको तिथं कापली गेली.

सरांनी हँडल वर उचललं, जरा जवळ आणलं. मुंग्या गेल्या! मी आनंदानं त्या गिऱ्हाइकाला सगळी हकीकत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सरले विचारा ना, मायी बाही बी वर-खाली करता येते का?"

*

जानेफळचे एक भाजीवाले काका पोरीला सोबत घेऊन तिच्यासाठी घेतलेली सायकल नेत होते. पोर लहान, सायकल थोरली. सरांना राहवतंय थोडंच?

"काका, एवढी मोठी काऊन घेतली?"

"वाढतं अंग हाये सर. दोन-तीन वर्सं पुरली पाह्यजे."

सर चिडले. "मंग पोरीची चप्पलही दोन-तीन वर्षं पुढची घेता का?"

"हाव ना!" काका म्हणाले.

पोरीनं पाय पुढं केला. टाचेमागं अर्धी चप्पल रिकामी! सर त्या दिवशी चहा न पिताच घरी गेले.

*

मधे वंदनाताई येईनाशा झाल्या. आम्ही समजलो, सुटली सायकल.

एका रविवारी दिसल्या. तोंड वेदनेनं कसंनुसं झालेलं, पण आल्या होत्या. मागून मोटरसायकलवर सिद्धू. सुट्टीवर आला होता, आईचा घरी राहिलेला मोबाइल द्यायला निघाला होता. आईला सायकलवर त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. टपरीपर्यंत तो मागं मागंच राहिला, हॉर्न काही वाजवला नाही.

आल्यावर सरांना म्हणाला, "पाना द्या."

"राहू दे सिद्धू," ताई म्हणाल्या. "तुले चालवा लागते ना."

"मी कधी चालवतो वं आई?"

ताईंनी सायकल त्याच्यापुढं केली. सिद्धूनं सीट खाली घेतली, हँडल जवळ आणलं. भीमरावभाऊंनी सायकल धरली, ताई वर बसल्या. पोरगा मातीत बसला, आईची टाच हातात घेऊन पेडलवर ठेवली, पाय नीट लांबतो का ते पाहिलं. मग उठून सीट आणखी थोडी खाली घेतली. ताईंच्या डोळ्यांतून टपटप पाणी. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू?

मग ताई निघाल्या. एकदम सरळ! ना डावीकडे झुकणं, ना उजवीकडे. सिद्धू मोबाइल हातात धरून ओरडतोय, "आई, फोन!" आणि ताई जानेफळ रोडला दिसेनाशा झालेल्या.

पुढं कंबर दुखायची हळूहळू थांबली, डॉक्टरही काही बोलेनात.

दिवाळीला सिद्धू घरी आला. मी त्याच्या शर्टाचं माप घ्यायला गेलो होतो. पोरगं चौकातून उटणं आणायला म्हणून सायकल अंगणात काढतं न काढतं, तोच स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला,

"काऊन रे सिद्धू, येतानी तुयी सायकल नाई आणली?"