तुटायला हवी होती ती दोरी

बंदरावर तिला सगळे गाठवाली म्हणायचे. होड्यांना डाउनरिगर जोडून द्यायचा तिचा धंदा. डाउनरिगर म्हणजे होडीच्या काठावर बोल्टांनी आवळलेली चरखी आणि पाण्यावर झुकलेला दांडा. चरखीवरची दोरी दांड्याच्या टोकाच्या कप्पीतून खाली जाते, तिच्या शेवटी शिशाचा जड गोळा. गोळ्याजवळच्या चिमट्यात गळाची दोरी अडकवली की गळ हवा तितका खोल जातो. मासा लागला की चिमटा सुटतो.

पूर्वी सगळ्यांच्या चरखीवर पोलादी तार असायची. ती गंजायची, तिचे तुटके धागे बोटांत घुसायचे, आणि पाण्यातून जाताना ती सतत गुणगुणायची. गाठवालीने पहिल्यांदा विणलेली दोरी आणली तेव्हा म्हातारे नावाडी फिदीफिदी हसले. "बाई, ही बुटाची नाडी कुठून आणलीस?" पण बोटं सगळ्यांचीच सोललेली होती. हळूहळू एकेक जण मुकाट्याने चरखी घेऊन तिच्या शेडवर यायला लागला.

ती आधी चरखीच्या गाभ्याला चिकटपट्टीचा वेढा द्यायची, नाहीतर दोरी गुळगुळीत, जागच्या जागी घसरत राहते. मग दोरी ओली करून, ताणून, गच्च गुंडाळायची. टोकाला दुहेरी फास, थुंकी लावून आवळलेला. आणि फास आणि गोळा यांच्यामध्ये वीतभर बारीक, कच्ची दोरी. गोळा तळाच्या खडकात अडकलाच तर ती तुटायला हवी. गोळा गेला तरी चालेल, होडी आणि माणसं राहिली पाहिजेत.

तिच्या दादाला मात्र गोळा गेलेला सोसायचा नाही. "तुझ्या त्या कच्च्या दोरीपायी समुद्राच्या तळाशी माझी शिशाची खाण झालीय," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि लोक हसायचे. दादा बोलायला लागला की लोक हसायचेच.

वहिनी त्याच्याबरोबर होडीवर जायची. वहिनी होण्याआधी ती गाठवालीची मैत्रीण होती. शिवणकारखान्यात दोघी शेजारशेजारच्या मशीनवर बसायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. दादाचं स्थळ गाठवालीनेच सुचवलं होतं. का, तर मैत्रीण कायमची घरात यावी.

एक दिवस गोळा खडकात अडकला. होडी चालूच होती. दोरी तुटली नाही. दांडा बुडाशी तुटला आणि उसळून वहिनीच्या तोंडावर बसला. दादाने घाईघाईने चाकूने दोरी कापली, गोळा आणि गाठी सगळं तळाला गेलं. वहिनीचा उजवा डोळा गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर दादा म्हणाला, "हिने बांधलं होतं. हिच्या त्या विणलेल्या दोरीचं खूळ."

"दादा, मी बारीक दोरी लावली होती."

"मग तुटली का नाही?"

आईसुद्धा तिच्याकडे पाठ करून बसली. ती वहिनीच्या खोलीच्या दारात गेली, तर पट्टी बांधलेलं तोंड भिंतीकडे वळलं. त्यानंतर वहिनी तिच्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूला जायची.

बंदरावरची अर्धी कामं गेली. उरलेल्या होड्यांच्या गाठी ती दोनदोनदा ओढून बघायची. काम देऊन झाल्यावर मागून धावत जायची, "थांबा हो, एकदा बघू दे." त्या दिवशी बारीक आणि जाड दोरीची रिळं बदलली तर नसतील आपल्याकडून? शेल्फवर दोन्ही शेजारीच असायची. आठवून आठवून तो दिवस इतका झिजला, की त्यात आपण नेमकं काय केलं हे तिचं तिलाच कळेनासं झालं. शेवटी तिने स्वतःशी कबूल करून टाकलं, आपल्याच हातून झालं असेल. मग लोकांसमोर मान खाली घालणं जरा सोपं गेलं.

वर्षं गेली. दादा झोपेतच वारला. अख्खं बंदर जमलं. केवढा दिलदार माणूस, जो तो म्हणत होता. गाठवाली सगळ्यांच्या मागे उभी होती.

त्यानंतर काही दिवसांनी वहिनी शेडवर आली. स्टुलावर बसली, पूर्वी बसायची तशीच.

"तुझी चूक नव्हती," ती म्हणाली. "त्या दिवशी त्याने तुझी बारीक दोरी कापून जाड लावली. मी शेजारीच बसले होते."

गाठवालीच्या हातातलं रीळ हातातच राहिलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि माझ्याशी बोलणं तू टाकलंस?"

"मला त्याच्याबरोबर राहायचं होतं गं. तुझ्याशी बोलत राहिले असते तर कधीतरी तोंडून गेलं असतं. मग त्या घरात मी कशी राहिले असते? जाणार कुठे होते, एका डोळ्याची?"

"माझ्याकडे आली असतीस."

वहिनीने शेल्फवरचं एक रीळ उचललं आणि परत जागेवर ठेवलं. म्हणाली, "आता तो नाही. आता आपण पहिल्यासारख्या..."

"आईला सांगितलंस?"

"आई आता माणसं तरी ओळखतात का?"

"मग कुणाला सांगणार आहेस? तिकडे सगळे हळहळताहेत. जा, त्यांच्यात उभी राहून सांग."

"मेलेल्या माणसाबद्दल कसं बोलू?"

"जिवंत माणसाबद्दल बोलला होता की तो," गाठवाली म्हणाली. "ऊठ. मला काम आहे."

काम काही नव्हतं. वहिनी गेल्यावर ती नुसती बसून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि तोही दादाचा कमी, स्वतःचाच जास्त. जो हात इतक्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता, त्यालाच तिने खोटं ठरवलं होतं.

वहिनीने कुणालाही काही सांगितलं नाही. ती अधूनमधून फोन करते, तब्येतीचं विचारते. गाठवाली उचलते, हं हं करते, आणि शेडवर गिऱ्हाईक आलंय असं सांगून ठेवून देते.