भिंतीवरचे मालक

स्वयंपाकाचा कोर्स केला की ऑस्ट्रेलियात पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळतो, अशी तेव्हा हवा होती. चहापलीकडे काही येत नसताना मीही पुण्याहून मेलबर्नला आले. कोर्ससोबत किचनमध्ये केलेल्या कामाच्या तासांचं पत्र लागायचं. त्यासाठी समुद्रकाठच्या एका जुन्या पबमध्ये चिकटले. जन्माची शाकाहारी मी तिथे रोज मासे तळायचे.

पबच्या पॅसेजमध्ये आधीच्या मालकांचे फोटो ओळीने लावले होते. आमचा मालक बटाटे सोलता सोलता त्यांचे पराक्रम ऐकवायचा. पहिल्याने म्हणे फुटलेल्या जहाजाच्या लाकडातून बार उभा केला. नंतरची एक मालकीण दारुड्यांना थेट लाटांमध्ये नेऊन बसवायची. तिच्यानंतरच्याने पबचा पियानो पत्त्यांत घालवला, आणि पुढे जिंकणाऱ्याच्या घरी रोज जाऊन तो वाजवला. दर खेपेला जहाज थोडं मोठं व्हायचं. मी मुकाट ऐकायचे, कारण माझ्या पत्रावर सही त्याचीच हवी होती. पत्राचं विचारलं की तो म्हणायचा, "नो वरीज, मेट." वरी करायचं काम माझ्याकडे होतं.

एका दुपारी शिफ्टला गेले, तर ओळीच्या शेवटी त्याचाच फोटो! आपल्याकडे भिंतीवर फोटो कधी लागतो, हे सांगायला नको. खरं सांगते, पहिला विचार पत्राचाच आला. मग स्वतःची लाज वाटली. टेबलांवरची फुलं गोळा केली, मांस बांधायच्या दोऱ्यात ओवली, फोटोला हार घातला आणि हात जोडून रडत उभी राहिले.

"फोटो इतका वाईट आलाय?"

मागे हाफ पँटमध्ये मालक साक्षात उभा! त्याने पब विकला होता. किल्ल्या सोपवायच्या दिवशी आपला फोटो टांगायचा, ही तिथली रीत होती. हाराचा अर्थ मी चाचरत सांगितला. तो इतका खूश झाला, की मला हार काढूच देईना.

"बाकी कुणाला असला मान मिळाला नाही," तो म्हणाला. मग हसून विचारलं, "रडत होतीस ती माझ्यासाठी की लेटरसाठी?"

"तुमच्यासाठी," मी ठोकून दिलं.

त्याने खिशातून पत्राचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. पत्रात माझे सगळे तास बरोबर लिहिलेले होते. सहीखालची तारीख आठवड्यापूर्वीची होती. तेव्हा मात्र मी खरंच त्याच्यासाठी रडले.